सनद

रुवीच्या मागच्या गल्लीत, बोडक्या तपकिरी डोंगराखाली
आमचं दुकान. पाटीवर अरबीत लिहिलंय: सनद.
माझ्या गावी सनद म्हणजे इनामाचा कागद,
लाल फडक्यात बांधलेला, कोर्टात हरलेला.
इथे सनद म्हणजे काउंटर, टोकन, प्रिंटर
आणि मी. एम.ए. समाजशास्त्र, रत्नागिरी,
मिनिटाला पंचावन्न शब्द.

सकाळी शाजी येतो, कंपनीचा माणूस,
हातात रबर लावलेली पासपोर्टांची चळत.
"एक फरारी आहे. जरा लवकर कर."
फॉर्मला तीन रकाने:
नाव. नंबर. कधीपासून.
का, याला रकाना नाही.

नाव वाचून बोटं थांबतात.
लिंगय्या. निजामाबादकडचा. एसीच्या डक्टमधून
पोटावर सरपटत जाणारा.
कधीपासून? शाजी म्हणतो, मंगळवार.
मंगळवारी लिंगय्या याच खुर्चीवर बसला होता,
जिचा एक पाय आखूड आहे तिच्यावर,
पाच महिन्यांच्या थकलेल्या पगाराचा अर्ज सांगत,
आणि मी म्हणत होते, आकडा नीट सांग रे बाबा.

खेडेकर मॅडम फळ्यावर शिडी काढायच्या.
माडी सगळ्यांना दाखवतात, म्हणायच्या,
शिडी देतात मोजक्यांना. उरलेले पाइपावरून चढतात,
त्यांना आपण चोर म्हणतो.
दहा मार्कांचा प्रश्न होता, मला आठ पडले.
पुढच्या तासाला: कृत्य नुसतं कृत्य असतं,
कुणी बोट दाखवलं की त्याचा गुन्हा होतो.
तेव्हा वाटलं, मॅडमना टाळ्या हव्यात.
ते बोट माझं असेल, एंटरवर ठेवलेलं,
हे काही सिलॅबसमध्ये नव्हतं.

तसं आमच्या बिल्डिंगीत सरळ कोण आहे?
प्लायवुड ठोकून एका खोलीच्या चार केल्यात.
गॅलरीत कपडे वाळत घालायला मनाई, तरी मी घालते.
तिसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरीण बाई
लायसन्सशिवाय चाळीस डबे पोचवतात;
इन्स्पेक्टर आला की पोळ्या बाथरूममध्ये.
आमच्यावर शिक्का नाही, म्हणून आम्ही फॅमिली.

दुपारी दुकान बंद असतं. मी शब्द मोजत बसते.
कायदा, कैद, फरार, हजर, मालक, जामीन:
हे सगळे याच समुद्रावरून, खजुरांबरोबर,
आमच्या बंदरात उतरले असतील, असं उगाच वाटतं.
मराठीत इतके मुरले की अंगावरचं मीठ गेलं.
हक्कही त्याच गलबतात होता म्हणे.
बहुतेक तळाशी, ओल्या पोत्यांखाली.

मी टाइप केलं. तुम्हाला काय समजायचं ते समजा.
माझाही व्हिसा कुणाच्या तरी नावावर आहे,
मुलीची फी तुंबलीय.
शाजीने दोन रियाल ठेवले. तसा वाईट नाही तो;
जाताना मुलीचा ताप उतरला का, विचारून गेला.

संध्याकाळी लिंगय्या आला, अर्जाची प्रत न्यायला.
शर्टाला इस्त्री. आत आल्यावर या फरारी माणसाने
काचेचं दार हलकेच ओढून घेतलं,
थंडावा वाया जाऊ नये म्हणून.
अरबी त्याला येत नाही. कागद उलटा धरला,
मग सुलटा. मग पुन्हा उलटा.
"मॅडम, मेरा नाम बराबर लिखा ना?
पिछली बार एक अक्षर छूट गया था."
मी म्हटलं, बरोबर आहे.
दोन्ही कागदांवर, असं म्हटलं नाही.

त्याने अर्धा रियाल पुढे सरकवला.
मी मशीनकडे बघत राहिले.
पावती छापायला ते नेहमीच वेळ लावतं.